मालूचा हात आणि बंड्याचे पाय

शिकायला आलेल्या माणसांचे किस्से फारसे होत नाहीत. पोरीबाळी येतात, घाबरतात, लिहून घेतात, पास होतात आणि जातात. किस्से होतात ते शिकून झालेल्या माणसांना परत बाकावर बसवलं की!

मी कोल्हापुरात सिस्टर ट्यूटर होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडं एक वर्ग सुरू झाला. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टरांसाठी, आणि अधूनमधून डॉक्टरांसाठीसुद्धा. बाळंतीण आणि नुकतंच जन्मलेलं बाळ यांच्याबाबत नवीन काय काय आलंय, ते शिकवायचं. म्हणजे ज्यांनी निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली, त्यांना बाळंतपण शिकवायचं! आता तुम्हीच सांगा, किस्से होणार नाहीत तर काय होईल?

अजूनही मंडईत त्यातली एखादी सिस्टर भेटली की भाजी राहते बाजूला. मेथीची जुडी हातातच सुकते. शेवटी भाजीवाली म्हणते, "बाई, घेणार हायसा का हितंच ऱ्हाणार हायसा?" मग आम्ही उठतो आणि पुढच्या टोपलीपाशी उभ्या राहतो.

* * *

पहिल्या बॅचचा पहिला तास. शिकवायला डॉ. मोकाशी, बाळांचे डॉक्टर. उंच, काटकुळे, पुण्यात शिकलेले. आवाज कधी चढायचा नाही. खूश झाले तरी तोच चेहरा, चिडले तरी तोच. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कधी कळलं नाही.

त्यांनी फळ्यावर सुंदर अक्षरात विषय लिहिला आणि सुरुवात केली, "नवजात अर्भकाच्या श्वसनक्रियेच्या प्रारंभी उद्भवणारे अवरोध..."

मागच्या बाकावरनं आवाज आला, "सर, बाळ रडलं न्हाई, आसं म्हणा की!"

सगळा वर्ग खदखदला. ही मालू सिस्टर. गडहिंग्लजच्याही पलीकडं, अगदी कर्नाटकच्या हद्दीजवळच्या सरकारी दवाखान्यात होती. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. नवऱ्याचं धान्याचं दुकान. बाई अंगानं भक्कम आणि आवाज असा, की लेबर रूममध्ये ती "जोर कर गं!" म्हणाली तर बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा जोर करायची.

मोकाशी डॉक्टर फळ्याकडं वळले. मग डस्टर घेतलं, विषय पुसला आणि तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बाळ रडलं नाही'.

त्या तासाचं कागदावरचं नाव काय होतं, ते आता देवालासुद्धा आठवत नसेल. आमच्या वर्गात शेवटपर्यंत तो 'बाळ रडलं नाही'चाच तास राहिला.

* * *

मग एक दिवस मुंबईहून खोकं आलं. आत बाहुली! तिच्या तोंडावर मास्क बसवायचा आणि मागची रबरी बॅग दाबायची. मान नीट धरली असेल तर छाती वर यायची, नसेल तर नाही. एवढंच तिचं काम, पण आमच्या सगळ्या प्रॅक्टिकलचा जीव तिच्यात होता.

बाहुली होती गोरीपान आणि निळ्या डोळ्यांची. सिस्टर लोकांनी गोल करून बघितलं. एक म्हणाली, "व्हय वो, हे कुणाच्या वळणावर गेलंय?"

पण हात कुणी लावेना. महागाची वस्तू, मोडली तर? शेवटी मालू म्हणाली, "बिननावाच्या पोराला हात कसा लावायचा? आदी बारसं करा की!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत खरंच बारसं घातलं की हो! सलाइनच्या दोन स्टँडांना साडी बांधून पाळणा केला. कुणी घुगऱ्या आणल्या, कुणी झबलं शिवून आणलं. पाळणा म्हटला. आत्या कोण होणार यावरनं भांडण झालं आणि आवाजाच्या जोरावर मालू आत्या झाली. तिनं कानात नाव सांगितलं ते महापालिकेपर्यंत ऐकू गेलं असेल. "बंड्या!"

आणि दारात मोकाशी डॉक्टर. सगळ्या पाळण्यापासनं मागं सरकल्या!

ते पाळण्यापाशी आले, वाकले. सकाळीच त्यांनी तासभर सांगितलं होतं, बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका. आणि हितं बंड्याच्या तोंडावर काळा ठिपका.

"हे काय?"

मालू म्हणाली, "डोळ्यात न्हाई वो सर, गालावर हाय. तीट हाय ती. तुमी फकस्त डोळ्याचंच सांगितलंतासा!"

डॉक्टरांनी परत वाकून नीट बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "घुगऱ्या उरल्यात का?"

* * *

आता मालूची गंमत सांगायची तर आधी थोडं मागचं सांगायला पाहिजे. आमच्या पिढीला एकच शिकवलेलं. बाळ जन्मलं आणि रडलं नाही, की दोन्ही पाय धर, उलटं टांग आणि पाठीत धपाटे घाल. मालूनं नोकरीला लागल्यापासनं तेच केलेलं. नवीन पद्धत वेगळी. बाळ पुसून कोरडं करायचं, उबेला ठेवायचं, मान सरळ करायची, तोंड-नाक साफ करायचं. पाठीवर हळू चोळायचं, नाही तर तळव्याला टिचकी मारायची. तरी रडलं नाही तर बॅगनं श्वास द्यायचा. उलटं टांगणं बंद. धपाटे बंद!

मालूला हे सगळं तोंडपाठ. झोपेतनं उठवून विचारलं तरी घडाघडा सांगायची. परीक्षेत मोकाशी डॉक्टरांनी बंड्याला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाळ जन्मलंय. रडत नाही. करा."

मालूचा हात सुटला तो थेट बंड्याच्या पायांवर! डोळ्याचं पातं लवायच्या आत बंड्या उलटा, आणि पाठीत असा सणसणीत धपाटा बसला, की त्याच्या छातीतली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली!

मोकाशी डॉक्टर शांतपणे गुडघ्यावर बसले, कपाटाखालनं स्प्रिंग काढली, फुंकली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "सिस्टर, बाळाचं राहू द्या. आधी बंड्याला वाचवू."

आम्ही हसून हसून बेजार. पण मालू व्हरांड्यात जाऊन रडत बसली, तेव्हा माझं हसू पळालं. कारण नियम कडक होता. हे प्रॅक्टिकल तीनदा जमलं नाही तर लेबर रूम बंद. केसपेपरच्या खिडकीवर बसायचं.

"अक्का," ती म्हणाली. त्यांच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, मलाही तसंच म्हणायची. "अक्का, डोस्क्याला समदं कळतंय वो. हात ऐकत न्हाई! लेबर रूम सुटली तर मालक म्हणतील, नोकरी सोड आन् दुकानात बस. दिवसभर तूरडाळ तोलायची. तितं रडणारं कोण हाय?"

मालूला स्वतःचं मूल नव्हतं. ती ते कधी बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं, ही पास झाली पाहिजे.

* * *

सगळे हट्टी काय सिस्टर लोकांतच होते? छे! डॉक्टरांच्या बॅचला एक थोरले डॉक्टर आले होते. स्वतःचं हॉस्पिटल, मोठं नाव, डोक्यावर चकचकीत टक्कल. त्यांचं म्हणणं, बाळ जन्मल्या जन्मल्या अंघोळ घालून, पावडर लावूनच नातेवाइकांच्या हातात द्यायचं. "आमची पद्धत आहे. लोकांना स्वच्छ बाळ आवडतं."

मोकाशी डॉक्टर समजावतायत, ओलं बाळ गार पडतं, कोरडं करा, अंघोळीची घाई नको. तक्ते दाखवतायत, इंग्लिश पुस्तकातनं वाचून दाखवतायत. थोरले डॉक्टर मान हलवतायत आणि परत तेच, "आमची पद्धत आहे."

माझं डोकं मुळातच तापट. जानेवारी महिना होता. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, थोरल्या डॉक्टरांच्या टकलावर रिकामा केला आणि पंखा फुल्ल सोडला!

"अहो बाई! वेड लागलं का तुम्हाला?" ते कुडकुडत उभे राहिले. "पुसा! आधी पुसा!"

मी टॉवेल पुढं केला. "हेच, डॉक्टर. 'आधी पुसा.' एवढंच लिहून घ्या, बाकीचं नाही घेतलं तरी चालेल."

माझी नोकरी त्या दिवशी जायचीच. पण थोरले डॉक्टर टॉवेलात तोंड घालून जे हसायला लागले ते थांबेनातच. पुढं त्यांनी आपल्या लेबर रूममधला पंखा काढूनच टाकला. तिथल्या सिस्टर मला अजून शिव्या देतात, उन्हाळ्यात उकडून जीव जातोय म्हणून.

* * *

वर्गाबरोबर आम्ही खेड्यातसुद्धा जायचो. एकदा गडमुडशिंगीला गेलतो. घर दुभत्याचं, गोठ्यात पाच-सहा म्हशी. सून तीन दिवसांची बाळंतीण. सासू म्हणाली, "अंगावरचं पयलं दूध काढून टाकलं बगा. पिवळं, चिकट, लई घाण असतंय. पोराला गुळाचं पाणी देतोय."

मोकाशी डॉक्टर खाली घोंगड्यावर बसले. आईचं पहिलं दूध म्हणजे बाळाची पहिली लस, वगैरे सांगायला लागले. सासू ऐकतीय, पण कान दुसरीकडंच. कारण चुलीवर खरवस चढवलेला! आदल्या दिवशी म्हैस व्यालेली.

"खाऊनच जावा आता, पावणं," ती म्हणाली. "पयला चीक हाय."

मी विचारलं, "मावशी, सगळा चीक काढला का हो? रेडकाला?"

"आवो त्येला आदी पाजलं की! पोटभर पाजलं. त्येच्यासाठीच तर देवानं दिलाय. पयला चीक पोटात गेला न्हाई तर रेडकू जगतंय व्हय?"

बोलली, आणि मधेच थांबली. चुलीवरचं भांडं तेवढं खदखदत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतनं, पडद्यामागनं सुनेचा बारीक आवाज आला, "मग मला म्हस समजा की, आत्याबाई!"

* * *

मालूची दुसरी परीक्षा आली तेव्हा सगळ्या वर्गानं तिची काळजी वाहिली. कुणी म्हणालं, हाताला काळा दोरा बांध. कुणी म्हणालं, उजवा हात पदरात खोच आणि डाव्यानं कर. मी डोकं लढवलं. म्हटलं, हिला पाय दिसतात म्हणून हात जातो. पाय दिसलेच नाहीत तर? बंड्याला कमरेखाली दुपट्यात घट्ट गुंडाळलं, वर दोन पट्ट्या मारल्या आणि टेबलावर ठेवला.

"बाळ रडत नाही. करा," मोकाशी डॉक्टर म्हणाले.

मालूनं पुसलं. मान सरळ केली. तोंड साफ केलं. आम्ही सगळ्या श्वास रोखून बघतोय. आणि तिचा हात सरसरत खाली गेला, दुपट्यात शिरला, पट्ट्या तोडल्या आणि पाय शोधून काढले!

"यव्वा!" असं कानडीत ओरडून तिनं स्वतःच बंड्याला सोडून दिलं. धपाटा घातला नाही, एवढीच प्रगती. पण नापास ते नापासच.

मोकाशी डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. वरच्या साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, या बाईला कशाला परत परत बोलावता, देऊन टाका नापासचा रिपोर्ट. डॉक्टरांनी सांगितलं, "तिसरी संधी नियमात आहे. ती मी देणार." तोच चेहरा, तोच आवाज. पण साहेबांनी विषय सोडला.

* * *

बंड्यानं प्रवाससुद्धा पुष्कळ केला. एकदा शाहूवाडीच्या बाजूला वर्ग होता. गाडी बिघडली म्हणून आम्ही एसटीनं निघालो. सामानाच्या पिशव्या वर टाकल्या आणि बंड्या दुपट्यात गुंडाळून मोकाशी डॉक्टरांच्या मांडीवर, छातीशी धरलेला. वर टाकला आणि पडला तर स्प्रिंग परत निघायची!

शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तिचं पोर. थोड्या वेळानं विचारते, "आई कुटं हाय वो ह्येची?"

मोकाशी डॉक्टर खरं बोलणारा माणूस. "आई नाही," म्हणाले.

झालं! सगळी एसटी हळहळली. "आगं बया! येवढंसं पोर, आन् बाप एकटाच घिऊन चाललाय." पुढच्या बाकावरच्या आजीनं कानशिलावर बोटं मोडली. मागनं कुणी बिस्किटाचा पुडा दिला. मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघतेय, कारण हसू आवरेना.

मग त्या शेजारच्या बाईनं आपलं पोर नवऱ्याकडं दिलं, पदर सावरला आणि सरळ हात पुढं केले. "द्या हिकडं. मी पाजते जरा. कवाधरनं रडलं बी न्हाई, आंगात बळ ऱ्हायलं नसंल त्येच्या."

आता मात्र डॉक्टरांना दुपटं उघडून दाखवावं लागलं. एसटी हसली, अशी हसली! ड्रायव्हरनं काय झालंय बघायला गाडी बाजूला घेतली. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर डॉक्टरांनी उभ्या उभ्या बंड्याला श्वास देऊन दाखवला.

ती बाई तेवढी हसली नाही. उतरताना म्हणाली, "बाव्हली हाय तर मग येवढं छातीशी का धरलंयसा?"

डॉक्टरांनी बंड्याला परत दुपट्यात गुंडाळून घेतलं आणि मलकापूर येईपर्यंत तसेच बसले.

* * *

हा किस्सा जरा अलीकडचा, दोन हजारनंतरचा. तोपर्यंत नवीन शिकवण आली होती. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी लागली पाहिजे. आईला ताप असेल तर बापानं ठेवायचं.

मुरगूडकडचा एक गडी होता, तालमीतला पैलवान. बायको तापानं फणफणलेली आणि बाळ दीड किलोचं. वर्गातल्या नव्या सिस्टर लाजायला लागल्या, परक्या पुरुषाला सदरा काढा म्हणून कसं सांगायचं? तो म्हणाला, "सिस्टर, आमी आयुष्यभर लंगोटावरच हाय की!" आणि काढला सदरा.

पण खरी अडचण पुढंच होती. खाटेवर मागं टेकून पडायचं होतं. हा पडेना! "पाठ टेकायची न्हाई. बसून धरतो. उभा ऱ्हाऊन धरतो. पाठ टेकायचं सांगू नगासा."

सगळ्यांनी समजावलं. नाहीच. शेवटी मोकाशी डॉक्टरांनी बाळ त्याच्या छातीवर ठेवलं आणि बाजूला झाले. बाळानं दोन-चारदा चुळबुळ केली, तोंड त्याच्या गळ्याखाली खुपसलं आणि गप्प झालं. पैलवान हळूहळू मागं सरकला. आणखी सरकला. टेकली पाठ!

संध्याकाळी तालमीतली पोरं भेटायला आली. बघतात तर वस्ताद खाटेवर सपाट! "काय वो वस्ताद, पाठ टेकली?"

त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि कुजबुजला, "हळू बोला. दीड किलोच्या पैलवानानं चीत केलंय."

* * *

ती वर्गाची खोली आता नाही. तिथं काय झालंय बघायला मी एकदा गेलते, पण दारातनंच परत फिरले. जीव कासावीस झाला. त्या बाकांवर बसून आम्ही किती भांडलो, किती हसलो, एकमेकींच्या डब्यातली किती चटणी-भाकरी खाल्ली! तसे दिवस परत यायचे नाहीत, हे खरंच आहे.

पण मालूचं काय झालं, ते राहिलंच की!

तिसऱ्या परीक्षेला मोकाशी डॉक्टर म्हणाले, "तिला इकडं बोलवायचं नाही. आपण जाऊ. तिची लेबर रूम, तिचं टेबल, तिथंच घेऊ." आम्ही बंड्याला घेऊन जीपनं निघालो. वाटेत डॉक्टर एकच वाक्य बोलले, "आज नाही जमलं तर तिच्या रिपोर्टवर सही मलाच करायला लागणार."

पोचलो तर मालू दारात नाही. आतनं तिचा आवाज, "अक्का, जरा दम धरा! आतलं पावणं लई घाईत हाय!"

एक बाई बाळंत व्हायला आलेली. आम्ही बंड्याला बाहेर बाकावर ठेवलं, हात धुतले आणि आत गेलो. बाळंतिणीची सासू दाराला धरून उभी होती, हलायला तयार नाही.

बाळ आलं. आणि रडलं नाही.

निळसर, मऊ पडलेलं, हातपाय लोंबणारं. डॉक्टर झटक्यात पुढं झाले, वाकले आणि बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. "ठोके आहेत, मंद आहेत. करा सिस्टर. मी इथंच आहे."

मालूनं बाळ पुसलं, ओलं फडकं फेकलं आणि कोरड्यात घेतलं. मान सरळ केली. तोंड साफ केलं, मग नाक. तेवढ्यात दारातनं सासू ओरडली, "आवो, पाय धरा त्येचं! उलटं करा! धपाटं घाला की!"

मालूचा उजवा हात खाली गेला. पायांकडं! डॉक्टरांचा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. तिनं टाच धरली...

आणि तळव्याला टिचकी मारली. एक, परत एक. बस्स.

नाही रडलं. तिनं मास्क बसवला, बॅग दाबली. "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." छाती वर येत होती. डॉक्टर कानाला नळ्या लावून वाकलेले, आणि बाळाचे ठोके बोटानं टेबलावर वाजवून दाखवत होते. टक... टक... टक. मालू दाबतीय. घामानं तिचं कुंकू ओघळलेलं. टक, टक, टक. टकटकटक. बाळाचं नाक आक्रसलं, एक ठसका आला, आणि मग असं भोकाड पसरलं की विचारू नका!

"पास," डॉक्टर वाकल्या वाकल्याच म्हणाले. पण त्या रडण्यात मालूला काही ऐकू गेलं नाही. तिनं बाळ आईच्या छातीवर ठेवलं, वरनं पांघरूण घातलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गाल सगळे ओले. डॉक्टर बाळाच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून अजून वाकलेलेच होते.

तेवढ्यात सासू आत आली. "समदं ब्येस झालं, सिस्टर. पर धपाटा ऱ्हायला की!"

"त्ये बंद झालंय, आज्जी."

"बंद कसं? ह्येचा बा धपाट्यावर रडला, आज्जा धपाट्यावर रडला. रीतीपुरता एक तरी घाला!"

मालूनं माझ्याकडं बघितलं. बाळाकडं बघितलं. तिचा हात वर गेला आणि तिनं असला जोरदार धपाटा घातला, धप्पकन, मोकाशी डॉक्टरांच्या पाठीत!

चष्मा उडाला. डॉक्टर हळूहळू सरळ झाले. आता हे काय बोलतात, म्हणून मी बघत राहिले. चेहरा नेहमीचाच. मग हनुवटी थरथरली, आणि तो माणूस तिथं, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागला.

मालूचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, लागलं व्हय वो?"

डॉक्टरांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि रडतच राहिले.

सासूनं त्यांना खालपासनं वरपर्यंत नीट बघून घेतलं. मग समाधानानं मालूला म्हणाली, "बगा! धपाट्याबिगर कोण रडतंय व्हय?"